न बघता काढलेला फोटो

पुकारमायो, ८ जानेवारी १९९६

आन्सेल्मो काका,

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याच्याहून जास्त, एवढंच.

यंदा मरियामायच्या सणांचा मान आमच्या घरी आला आहे. नवऱ्याने, इलारियोने, हौसेने मागून घेतला आणि निस्तरायचं मला. मायच्या लाकडी मूर्तीचा पोशाख बदलणाऱ्या चौघींत आता मीही आहे. इल्देफोन्सा आजी, तिची सून बासिलिया, पुलाजवळची देल्फिना आणि मी.

काम असं आहे. गेल्या नोव्हेंबरात खालच्या गावच्या चर्चमधून दोन लाकडी देवदूत चोरीला गेले. तेव्हापासून शहरातली सरकारी कचेरी मागे लागली आहे. म्हणतात, मूर्तीची नोंद करा, नाहीतर सांभाळायला म्हणून आम्ही ती शहरात नेऊन कोठीत ठेवू. सप्टेंबरअखेरची मुदत दिली आहे. कोठीत गेलेलं काही परत आल्याचं तुम्ही ऐकलंय का? मी नाही ऐकलं.

नोंदीला फोटो हवेत. पोशाखातले चालत नाहीत, पोशाख काय, चोरही शिवून घेईल. लाकडाचे हवेत, पुढून आणि मागून, चिरा आणि भोकं दिसतील असे. कचेरीतल्या सेलिया बाईंनी शब्द दिलाय की फोटो त्या एकट्या बघतील. पण हललेले, धुरकट फोटो आणलेत तर नोंद नाही, असं तोंडावर सांगितलं.

माय पोशाखाविना असते ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या सणाआधी, चर्चमागच्या खोलीत. दार बंद, खिडक्यांवर घोंगड्या, आत आम्ही चौघी आणि मेणबत्त्या. पुरुष तर नाहीच, पाचवी बाईसुद्धा नाही. म्हणजे फोटो चौघींपैकीच कुणीतरी काढायचा. सहावीपर्यंत शाळा माझीच झालीये, म्हणून तो धोंडा माझ्या गळ्यात.

फ्लॅशचं नाव काढायची सोय नाही. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही मिरवणुकीत फ्लॅश उडवलात आणि तिसऱ्या दिवशी गारांनी बटाट्याची शेतं झोडपली, हे इथे रांगत्या पोरांनाही पाठ आहे. विजेला तुम्ही हाक मारलीत, असं इल्देफोन्सा आजी अजून म्हणते. तेव्हा विजेशिवाय, अंधारात, आणि जमल्यास फुकटात फोटो कसा काढायचा ते कळवा. आणि कॅमेराही पाठवा.

तुमची,
सातुर्निना


सिकुआनी, १५ जानेवारी

सातुका पोरी,

गाव सोडून बावीस वर्षं झाली, तिथून पहिलं पत्र आलं आणि त्यातही गारा! त्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातही गारा पडल्या होत्या, तिथे मी गेलोसुद्धा नव्हतो. पण जाऊ दे. म्हातारीला सांगू नकोस.

निकानोरच्या ट्रकमधून कॅमेरा पाठवतोय. माझ्या लग्नाहून जुना आहे आणि लग्नाहून जास्त टिकलाय. फिल्म एकच आहे, चोवीस फोटोंची, जपून वापर.

आता ऐक. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तुझ्या त्या खोलीत पुरा एक सेकंद. तेवढ्यात कॅमेरा हलला की मायच्या जागी मेंढी दिसेल. हातात धरून चालायचं नाही. कॅमेऱ्याची तिपाई माझ्याकडे होती, पण तिचा एक पाय शेजारच्या विसिता बाईच्या काढ्याच्या गाडीला लावलाय. तेव्हा टेबल घे, त्यावर किनवाची अर्धी भरलेली पिशवी ठेव आणि कॅमेरा तिच्यात नीट बसव, कोंबडी घरट्यात बसते तसा. दाणे त्याला चहूबाजूंनी धरतील. पिशवी गच्च भरू नकोस, मग ती दगडासारखी होते.

अंधारात नेम कसा धरायचा? मायच्या नाकाजवळ बासिलियाला मेणबत्ती धरायला सांग. काचेत ज्योत दोन दिसेल. पुढचं कडं फिरवत राहा, दोनाची एक झाली की थांब. मग कडं आणि अंतर, दोन्हीला हात लावायचा नाही.

मेणबत्त्या डावीकडे जास्त, उजवीकडे थोड्या. चरबीच्या डब्यांचे पत्रे राखेने घासून ज्योतींच्या मागे उभे कर. समोरून देल्फिनाने पांढरी चादर ताणून धरायची, म्हणजे सावल्या नरमतील. हे सगळं घरात असतंच, दुकानात जायला नको. बटण दाबताना अर्धा श्वास सोडायचा, मग थांबायचं, आणि बोट असं सावकाश दाबायचं की कळलंच नाही पाहिजे.

घोंगडी एखादी वरून जराशी सरकवता आली तर बघ.

काका


पुकारमायो, ५ फेब्रुवारी

काका,

घोंगडी सरकवायचं नुसतं बोलले, तर इल्देफोन्सा आजीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच घोंगडी झाले.

पण झालं एकदाचं! पिशवी, पत्रे, चादर, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. ज्योत दोनाची एक झाली तेव्हा मला केवढा आनंद झाला. चोवीसच्या चोवीस फोटो काढले, बारा पुढून, बारा मागून. काही राहिलं नाही.

निकानोरबरोबर फिल्म पाठवतेय, सोबत चीजची चकती आणि वाळवलेले बटाटे. एक अट आहे. आजी म्हणते, कागदावरची झाली तरी माय ती मायच, पुरुषाची नजर तिच्यावर पडता कामा नये. बाईने बघितलं तर चालेल. काका, तुम्ही फिल्म धुवा, पण बघू नका. असं कसं करायचं ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. मी तुमच्या वतीने शपथ घेऊन बसलेय.

सातुका


सिकुआनी, २० फेब्रुवारी

सातुका,

पंचेचाळीस वर्षांच्या धंद्यात हे पहिल्यांदा. फिल्म धुतात ती मिट्ट काळोखातच, तिथवर काही अडलं नाही. नंतर डोळे मिटून ती दोरीवर लटकवली, वर टॉवेल टाकला, आणि विसिता बाईला हाक मारली. ती काढ्याचं पातेलं उतरवून, हात पुसत आली. मी भिंतीकडे तोंड करून उभा. तिने एक एक फोटो उजेडावर धरला.

काय म्हणाली सांगू? "आन्सेल्मो, हे सगळं पिंजलेली लोकर आहे."

चोवीसच्या चोवीस, पोरी! एकही नाही! मी विचारलं, एखादी चीर, एखादं भोक? ती म्हणाली, नाकसुद्धा सापडत नाही.

खरं सांग. पिशवी गच्च भरलीस ना? की थंडीने बोटं कापत होती? की सकाळी कोकाच्या पानांचा चहा प्यायलीस तीन तीन वाट्या? टेबल डुगडुगतं का? त्या चौघींपैकी कुणी खोकत होतं का? मला सगळं कळव, बारीकसारीक. मी बघितलं असतं तर एका नजरेत सांगितलं असतं, पण तू शपथ घेऊन बसलीयेस.

काका


पुकारमायो, १० मार्च

काका,

पिशवी अर्धीच होती. टेबलाच्या पायाखाली खापर लावलं होतं. चहा प्यायले नव्हते. कुणी खोकलं नाही. आणखी काय सांगू?

तुमच्या पत्राची बातमी गावभर झाली, निकानोरच्या पोटात काही राहत नाही. बासिलिया म्हणते, मायला फोटो नकोच आहे म्हणून ती पुसट झाली. पाण्याच्या नळावर बायका मी आले की गप्प होतात. इलारियो म्हणतो, जाऊ दे ना, नेऊ देत शहरात, तिथे निदान छप्पर गळत नाही. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

कचेरीचं दुसरं पत्र आलंय. ट्रक कोणत्या रस्त्याने आणायचा, पूल किती रुंद आहे, असं विचारलंय. म्हणजे न्यायचं त्यांनी ठरवलंच आहे. काका, माझी पोरगी याच मायसमोर बरी झाली. ती इथून गेली तर सप्टेंबरात आम्ही कुणाला पोशाख घालायचा? रिकाम्या चौथऱ्याला?

मला वाटतं तुमचा कॅमेराच म्हातारा झालाय. तो परत पाठवते. दुसऱ्या कुणाला तरी शिकवा, मला हे जमणार नाही.

सातुका


सिकुआनी, २ एप्रिल

सातुका,

कॅमेरा म्हातारा? तोंड सांभाळ. तो आल्याबरोबर मी विसिता बाईला खुर्चीत बसवली, कवाडं लावली, दोन मेणबत्त्या पेटवल्या, किनवाच्या पिशवीवर एक सेकंद. फोटो पाठवतोय, बघ. हनुवटीवरच्या तिळातला केसदेखील मोजता येतो. ती माझ्यावर भडकली आहे, म्हणते केस नसता आला तर काय बिघडलं असतं. म्हणजे कॅमेरा ठणठणीत आहे.

मग रात्रंदिवस एकच विचार. काल गाडीवर काढा पिताना विसिताला म्हटलं, त्या फिल्ममध्ये मायला सोड, मेणबत्त्या कशा दिसतात ते आठवून सांग. ती म्हणाली, ज्योतींना काळ्या शेपट्या आहेत. फिल्मवर सगळं उलटं असतं, ज्योत काळीच दिसते, ते ठीक. मी विचारलं, शेपट्या कुठल्या दिशेला? वाकड्यातिकड्या? म्हणाली, छे, सगळ्या उभ्या, सरळ, पट्टीने ओढल्यासारख्या. पुन्हा आत नेऊन बघायला लावलं. चोवीसही फोटोंत तसंच.

थंडीने हात कापला तर शेपटी नागमोडी होते. टेबल डुगडुगलं तर आडवी. कुणी खोकलं तर एखाददुसऱ्याच फोटोत. चोवीस वेळा सरळ उभी रेघ म्हणजे कॅमेऱ्याचं नाक चोवीस वेळा खाली गेलं, दर वेळी, नेमकं बटण दाबताना.

पोरी, तू नमस्कार करत होतीस का ग?

मी रागावलेलो नाही. पण खरं लिही.

काका


पुकारमायो, २८ एप्रिल

काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तोंड लपवून बसले. न बघता तुम्हाला कसं कळलं?

हो. मी मान खाली घालत होते. नुसती मान नाही, कमरेतून वाकत होते, आणि बोट बटणावर तसंच. डोळेही मिटत होते. मुद्दाम नाही हो. तुम्ही म्हणालात अर्धा श्वास सोड आणि थांब. मी श्वास सोडायची, वर बघायची, आणि माय समोर. अंगावर काही नाही, केसांचा टोप नाही, नुसतं लाकूड, एवढीशी, थंडीत उभी. मला लाज वाटायची. आईला अंघोळ घालताना कुणी टक लावून बघतं का? आम्ही चौघी पोशाख चढवतो तेही खाली बघून, हातांनी चाचपून. आजी तर म्हणते, पोशाख चढल्यावरसुद्धा त्या खोलीत तिने आयुष्यात एकदाही वर पाहिलं नाही.

मी आधीच सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, थोडंसं वाकल्याने काय होतंय, कॅमेरा तर पिशवीत बसलाय. मग तुमचं लोकरीचं पत्र आलं आणि कळलं की माझ्यामुळेच झालं, आणि मग तोंडच उघडेना. उलट तुमच्या कॅमेऱ्याला म्हातारा म्हणाले. चुकले.

पण काका, सप्टेंबरात पुन्हा उभी राहिले तरी मी पुन्हा वाकणारच. शपथ घेतली तरी वाकेन. हे अंगात आहे. माझ्यामुळे माय जाणार, हे मनातून जात नाही. बटाटे काढताना रडते आणि इलारियोला सांगते की डोळ्यांत माती गेली.

सातुका


सिकुआनी, १९ मे

सातुका,

रडणं बंद कर, बटाटे खारट होतील.

मी तुझं पत्र वाचलं आणि आधी हसलो, मग आई आठवली. तुझी आजी, म्हणजे माझी आई, त्या चौघींत होती. घरी आल्यावर मी विचारायचो, माय पोशाखाखाली कशी दिसते? ती म्हणायची, मला काय माहीत! मला वाटायचं ती लपवतेय. आज कळलं, तिला खरंच माहीत नव्हतं.

तर मग वाक. मनसोक्त वाक. चौघीही वाका. चूक माझी आहे, मी तुला स्टुडिओतलं शिकवलं. तिथे लोक नटून, ताठ बसायला येतात.

कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला, बटणाच्या बाजूला एक बारीक दांडी आहे. मी तिच्याबद्दल लिहिलंच नाही, कारण ती मी कधी वापरत नाही. ज्यांना स्वतःचाच फोटो स्वतः काढायचा असतो अशा नटव्यांसाठी ती. दांडी खाली ओढायची, बटण एकदा दाबायचं आणि बाजूला व्हायचं. ती कुर्रर्र करत दहा सेकंद परत फिरते आणि मग कॅमेरा आपला आपण डोळा उघडतो. तुझं बोट नाही, श्वास नाही, नमस्कार नाही. माझ्या या दांडीत जळमटं साचली होती, काडेपेटीच्या काडीने साफ करून थेंबभर तेल दिलं. आता मांजरीसारखी गुरगुरते.

म्हणजे असं, नेम धरताना मायकडे बघू नकोस, नाकाजवळच्या ज्योतीकडेच बघ. दांडी ओढ, दाब, मागे तिघींपाशी जा, आणि चौघींनी मान खाली घालून प्रार्थना म्हणा. अर्धी प्रार्थना होईतो फोटो झालेला असेल. जमीन मातीची आहे तेव्हा पावलांनी हादरे बसणार नाहीत, पण धप्पकन गुडघे टेकू नका.

कॅमेरा परत पाठवतोय, सोबत दुसरी फिल्म. शेवटचा एक फोटो माझ्यासाठी ठेव. पोशाख चढवून झाला की मायबरोबर तुम्हा चौघींचा. तो बघायला तरी मला मुभा असेल ना?

आणि या वेळी फिल्म ट्रकमधून पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. कागदावर फोटो उतरवायचं काम अंधारात होत नाही, लाल दिव्यात होतं, तिथे डोळे लागतात. विसिताला ते जमणार नाही. तू आत, मी दाराबाहेर.

काका


पुकारमायो, ९ सप्टेंबर

काका,

घाईत लिहितेय, सण अजून उतरलेला नाही, बँडवाले अंगणात झोपलेत.

दांडी ओढली तर खोलीत कुर्रर्र असा आवाज, देल्फिनाने चादरच टाकली! आजी म्हणाली, "हे काय भूत आणलंस?" मी म्हटलं, "आजी, तो आपल्यासाठी मोजतोय, तुम्ही म्हणा." मग आम्ही म्हणू लागलो. मान खाली, डोळे मिटलेले. खट् आवाज झाला आणि कुणाच्याही अंगाला काही झालं नाही. तेवीस वेळा तेच. शेवटी शेवटी आजीच विचारत होती, "ओढलीस का दांडी?"

चोविसावा आम्हा चौघींचा मायबरोबर. आजी आधी नको म्हणत होती. मग म्हणाली, तो हावरट आन्सेल्मो मागतोय तर देऊन टाका.

गुरुवारी निकानोरबरोबर येते. पलंग नको, मी विसिता बाईंकडे झोपेन.

सातुका


पुकारमायो, ४ ऑक्टोबर

काका,

तुमच्याकडून आल्यावर लगेच लिहायला हवं होतं, पण आधी निकाल लागू दे म्हटलं.

तुमच्या स्टुडिओत मी बोललेच नाही, तुम्हाला राग आला असेल. तुम्ही दाराबाहेर स्टुलावर बसून मोजत होतात, "एक... दोन... आता पहिल्या पाण्यातून काढ, चिमट्याने, बोटाने नाही!" आणि मी आत होते. आदल्या दिवशी तुम्ही फोटो मोठा करायच्या यंत्रात कुठल्याशा नवरदेवाची फिल्म लावून उंची, नेम, सगळं पक्कं करून ठेवलं होतंत, मला फक्त कागद ठेवायचा होता. पांढरा कागद औषधाच्या पाण्यात गेला. काही नाही. मग वर एक कपाळ आलं. मग डोळे. मग खांदे. काका, ती माझ्याकडे बघत होती. मान खाली घालायची आठवणच झाली नाही. डाव्या खांद्यावर किड्यांची तीन भोकं, छातीपासून पोटापर्यंत एक चीर, उजव्या हाताची करंगळी दुसऱ्याच लाकडाची, कुणीतरी कधीतरी प्रेमाने बसवलेली. सगळं दिसत होतं. मी इतकी रडले की तिसरा कागद पाण्यात विसरले आणि तो काळा पडला. तुम्ही बाहेरून ओरडत होतात, "वीस झाले! बावीस! झोपलीस का?" म्हणून मी काही बोलले नाही.

आता ऐका. सव्वीस तारखेला सेलिया बाई आल्या. मागे रिकामा ट्रक. त्यात गवताचे भारे अंथरलेले, दोर, घोंगड्या. सगळं गाव चर्चच्या आवारात. बाई एकट्या आत गेल्या, भिंग घेऊन बसल्या. पुढचा फोटो बघितला, मागचा बघितला, पुन्हा पुढचा. मला आत बोलावलं. म्हणाल्या, "ही करंगळी नंतर बसवली आहे का?" मी म्हटलं, हो. "कधी?" मी म्हटलं, "मला कसं माहीत असणार, बाई? आम्ही तर तिला यंदाच पाहिलं."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, कचेरीला फोटोग्राफर पाठवून असे फोटो मिळत नाहीत, कोणत्या स्टुडिओतून आणलात दिवे? मी सांगितलं, चरबीचे डबे. त्यांना खोटं वाटलं.

फोटो पाकिटात घातले, लाख लावली, शिक्का मारला, आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "हे पाकीट फक्त स्त्री कर्मचाऱ्यानेच उघडावे." सरकारी कागदावर, काका! नोंदीचा नंबर चर्चच्या दारामागे लावलाय. ट्रक रिकामा खाली गेला. निघताना इलारियोने त्यात गवताबरोबर दोन पोती बटाटेही चढवून दिले, वेडा, आनंदाने.

माय इथेच राहिली. मी हे वाक्य लिहायला जानेवारीपासून थांबले होते.

सातुका


सिकुआनी, ११ ऑक्टोबर

सातुका,

तुझं पत्र विसिताला वाचून दाखवलं. तिने सगळ्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी काढा फुकट पाजला आणि वर मला म्हणाली, हे तुझ्या नावाने.

तू फिल्ममधून कापून दिलेला चोविसावा फोटो मीच उतरवला, माझ्या दोन्ही डोळ्यांनी. माय झकास आली आहे, जरीचा टाका न् टाका दिसतो. तू, बासिलिया, देल्फिना, तिघींच्या माना खाली, वेण्या स्पष्ट. पण इल्देफोन्सा म्हातारी हललीये. तिच्या तोंडाच्या जागी धुरकट पट्टा आहे.

आधी वाटलं, वय झालं, मान लटपटली. मग भिंग लावून बघितलं. पट्टा उभा आहे, सरळ, आणि तो खालून वर जातो. हनुवटी एकदा छातीपाशी दिसते आणि एकदा वर. पोरी, त्या एका सेकंदात म्हातारीने मान उचलली होती. ती मायकडे बघत होती.

धंद्याच्या रीतीने असा फोटो फाडून टाकतात. मी फाडलेला नाही. पण तिला न विचारता तुला पाठवणं बरं दिसत नाही, गावभर होईल. तिला एकटीला गाठून विचार, काय करू?

काका


पुकारमायो, २७ ऑक्टोबर

आन्सेल्मो,

ही मी, इल्देफोन्सा. लिहितेय सातुका, पण बोलतेय मी, आणि तिला सांगितलंय की आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

हो, मी बघितलं. नाकबूल कशाला करू. एकोणपन्नास वर्षं मी तिला पोशाख घातला. तिच्या अंगावरची प्रत्येक चीर बोटांना ठाऊक आहे, डोळ्यांना एकही नाही. दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, सुनेलाही बोलले नाही. तेवीस वेळा मान खाली घातली. चोविसाव्या वेळी वाटलं, पुढच्या सणाला दिसेल न दिसेल, आणि तुझं ते यंत्र कुर्रर्र करत होतं, पोरी डोळे मिटून होत्या. एकदा बघून घेतलं. दिसलं काय? पिवळा उजेड आणि रंगीत ढग. बाकी काही नाही. घरी येऊन खूप वाईट वाटलं.

मग सातुकाने परवा दार लावून तिच्याकडे जपून ठेवलेली मायच्या फोटोची प्रत बाहेर काढली आणि उन्हात माझ्या नाकापाशी धरली. नाक दिसलं, आन्सेल्मो. एक डोळाही दिसला. बाकीचं माझ्या नजरेला लहान पडतं.

तर तो माझा हललेला फोटो ठेव तुझ्याकडे, कुणाला दाखवू नकोस. आणि मायचा मोठा काढ. दाराएवढा काढ, मला पायापर्यंत दिसली पाहिजे. सातुकाला पुन्हा आत बसव, तू बाहेर बस. झाला की गुंडाळीवर कापड शिवून घे, ट्रकवाल्याच्या हाती देऊ नकोस, ते पोरगं वाटेत उघडून बघेल. तू स्वतः घेऊन ये. फेब्रुवारीच्या आत ये, डोळे थांबायला तयार नाहीत.

गारा पडल्या तर मी बघून घेईन.

इल्देफोन्सा